भिंतीची हजामत

भिंतीला हनुवटीवर येतात तसे खुंट आलेले पहिल्यांदा कात्रीकाकांनाच दिसले. शुक्रवारची सकाळ होती. नव्या घराच्या पूर्वेकडच्या खोलीत ते गिलावा सुकला का ते बघायला म्हणून गेले होते. बघायला कोणी सांगितलं नव्हतं, पण सकाळी उठून कुठेतरी जायचं आणि काहीतरी बघायचं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला, मग खाली ओढला, मग काढून सदऱ्याला पुसला. भिंत तरीही हिरवी दिसत होती. संपूर्ण नव्हे, पण खिडकीच्या उजव्या अंगाला, गुडघ्यापासून छातीपर्यंत, मातीच्या गिलाव्यातून बारीक हिरवी टोकं वर आली होती.

ही भिंत काडाची होती. गव्हाच्या काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचायचे, दोन्ही बाजूंनी मातीचा जाड गिलावा द्यायचा, की झाली भिंत. सगळं घरच असं होतं. आणि ते गठ्ठे निवडून आणले होते कात्रीकाकांनी.

घराची कल्पना त्यांच्या सुनेची. ती इमारतींचे नकाशे काढायची. पाच कुटुंबांनी मिळून एक घर बांधायचं, प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर एकच, म्हाताऱ्यांना सोबत आणि लहानांना आजी-आजोबा, असं तिचं म्हणणं होतं. दोन वर्षांच्या बाळापासून एक्याऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत अकरा माणसं तयार झाली. काडाचं नाव काढताच मात्र ओळखीतल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. आग लागेल, कुजेल, उंदीर होतील. तिने प्रत्येकाला शांतपणे उत्तरं दिली. गच्च दाबलेलं काड सहज पेटत नाही, कोरडं राहिलं तर कुजत नाही, आणि गिलावा नीट असेल तर एक उंदीर आत शिरत नाही. हे शेवटचं वाक्य ती इतक्यांदा बोलली होती की बाळालाही ‘उंदीर नाही’ एवढं बोलता येत होतं.

कामं वाटताना कात्रीकाकांच्या वाट्याला काय द्यावं हा प्रश्नच पडला होता. बेचाळीस वर्षं त्यांनी सलून चालवलं. आठ महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं, तेव्हापासून ते जेवायला बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे. शेवटी सून म्हणाली, “बाबा, गठ्ठे तुम्ही निवडा. तुमची नजर चांगली आहे.” तिने कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. काड कोरडं असावं, गठ्ठा घट्ट असावा, दाणे नसावेत.

काका कागद खिशात घालून गेले. विकणाऱ्याने दोन ढीग दाखवले. एक फिकट, निर्जीव, विंचरून विंचरून विरळ झालेल्या डोक्यासारखा. दुसरा सोनेरी, दाट, चकाकणारा, आणि त्यात मधूनमधून ओंब्या तशाच राहिलेल्या. बेचाळीस वर्षं डोकी बघितलेल्या माणसाने कुठला ढीग निवडावा? दोन-चार दाण्यांनी काय होतंय, असं म्हणून काकांनी दुसरा ढीग उचलला. गाडी आली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. सुनेनेसुद्धा.

त्या दोन-चार दाण्यांनी आता ओल्या गिलाव्यात मुळं धरली होती. आणि पुढच्या गुरुवारी परवाना देणाऱ्या कार्यालयाचा तपासनीस यायचा होता. त्याने शेरा दिला की राहायचा परवाना. तोवर अकरा माणसं शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने दिवस काढत होती.

काकांनी एक कोंब चिमटीत धरून ओढला. कोंबाबरोबर मुठीएवढा गिलावा खाली आला. त्यांनी घाईघाईने तो परत चिकटवला, थुंकी लावून सारखा केला आणि विचार केला, की उपटणं आपलं काम नव्हे. आपलं काम कापणं.

ते शेडमध्ये जाऊन आपली जुनी पेटी घेऊन आले. कंगवा, कात्री, फवाऱ्याची बाटली. आधी फवारा मारून सगळं नीट ओलं केलं, कारण कोरडे केस कापले की उडतात आणि वाढ कुठल्या दिशेची आहे ते कळत नाही. मग कंगव्याने वर उचलून कात्री चालवली. अर्ध्या तासात भिंत साफ झाली. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून बघितलं, डाव्या बाजूला एक कोंब सुटला होता तो काढला, आणि खिशात कातरण भरून ते निघाले. कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती.

शनिवारी सकाळी भिंत आदल्या दिवसापेक्षा हिरवी होती.

“वस्तरा लावला की केस दाट येतात” असं गिऱ्हाईक म्हणायचं तेव्हा काका त्याला हसायचे. आता ते भिंतीसमोर उभे राहून त्या सगळ्या गिऱ्हाइकांची मनातल्या मनात माफी मागत होते. कात्रीने भागणार नव्हतं. त्यांनी मशीन आणलं, लांब वायर ओढली, फवारा मारला आणि मशीन चालू केलं. रिकाम्या खोलीत ते ट्रॅक्टरसारखं घुमलं. त्यामुळे मागे कोणी येऊन उभं राहिलंय हे काकांना कळलंच नाही.

“माझ्या खोलीत काय चाललंय?”

काकांनी दचकून मशीन बंद केलं. दारात सिस्टर उभ्या होत्या. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त, एकट्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. पूर्वेची ही खोली त्यांना मिळाली होती.

“काही नाही. जरा साफसफाई.”

“भिंतीची हजामत करताय तुम्ही.”

यावर नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. काकांनी सगळं सांगून टाकलं. ओंब्या, दोन ढीग, खिशातला कागद. “सुनेने एकच काम सांगितलं होतं हो मला. एकच.”

सिस्टर जवळ आल्या. त्यांनी भिंतीवर उलटा हात ठेवला, जणू ताप आहे का बघतायत. मग एक कोंब नखाने मोडून वास घेतला.

“दुखतंय का हिला?”

“कोणाला?”

“भिंतीला.”

“भिंतीला कसं दुखेल?”

“मग घाबरताय कशाला? गुरुवारपर्यंत रोज सकाळी या आणि कापा. मी दार लावून घेते. वरून चादर टाकू. कोणी विचारलं तर सांगेन, गिलावा नाजूक आहे, धूळ बसायला नको.”

आणि त्या चहा ठेवायला वळल्या. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं डोकं दुखायचं म्हणून त्यांनी ट्रंक, स्टोव्ह आणि दोन कप आधीच या खोलीत आणून ठेवले होते. परवान्याआधी राहायला मनाई होती, पण बसायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

रविवार आणि सोमवार असे गेले. पहाटे उजाडलं की काका पेटी घेऊन हजर. भिंत रोज नवी फुटायची, काका रोज कापायचे. सिस्टर ट्रंकेवर बसून चहा पीत बघायच्या आणि अधूनमधून “वरती राहिलंय” म्हणायच्या. काका म्हणायचे, “दिसतंय मला.” दुकानात गप्पा चालायच्या तशा गप्पाही सुरू झाल्या. सिस्टरांनी इस्पितळातल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगितली, जो टोपी कधीच काढायचा नाही. काकांना ते डोकं माहीत होतं. ते त्यांच्याकडेच यायचं.

अडचण आली ती कातरणाची. जाळावं तर धूर, आणि काडाच्या घराजवळ धूर दिसला तर अकरा माणसं बादल्या घेऊन धावतील. म्हणून काका ते खिशात भरून शेडमागच्या खड्ड्यात टाकायचे. खिसे जुने होते. पूर्वेच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत काडीकाडीने एक रस्ता तयार झाला, आणि मंगळवारी सकाळी, काका कापायला पोहोचायच्या आतच, त्या रस्त्यावर सुनेचा पाय पडला. ती घरभर शोधत फिरत राहिली, म्हणून त्या दिवशी कापणं राहून गेलं.

दुपारी ती काकांकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तळहातावर वाळलेलं कातरण होतं.

“बाबा, हे बघा. कुणाला सांगू नका.”

काकांनी बघितलं.

“उंदीर,” ती म्हणाली. “भिंतीत शिरलेत. आतलं काड कुरतडून बाहेर टाकतायत.”

“छे. उंदीर कसले?”

“मग काय आहे हे? बघा तरी, किती एकसारखे तुकडे आहेत. एक लांब नाही, एक आखूड नाही. किती सफाईने कापलंय.”

काकांना कौतुक ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच लाज वाटली. हीच वेळ होती सांगून टाकायची. त्यांनी तोंड उघडलं. पण सून भिंतीला टेकून खाली बसली होती आणि म्हणत होती, “सगळ्यांना सांगितलं मी, एक उंदीर येणार नाही. माझ्या शब्दावर लोकांनी राहती घरं सोडली, बाबा.” आता आपण बोललो तर ही म्हणेल, तुम्हाला एक काम सांगितलं होतं. काकांनी तोंड मिटलं.

“मांजर आणू या का?” ते म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, आणि दोन तासांनी मांजर आलं.

मांजर म्हणजे पिठाच्या गिरणीतला बोका. उंदीर मारण्यात त्याचं नाव होतं. एक कान अर्धा, मान जाड, चालताना कुणाकडे बघायचं नाही. सुनेने त्याला घराच्या मधोमध सोडलं. बोक्याने स्वयंपाकघर हुंगलं, ते सोडलं. न्हाणीघर हुंगलं, ते सोडलं. मग तो सरळ पूर्वेच्या खोलीत गेला, चादरीखाली डोकं घातलं आणि तिथेच ठाण मांडून बसला.

मांजरांना कोवळं गवत फार आवडतं, हे सिस्टरांना ठाऊक होतं, काकांना नव्हतं आणि सुनेच्या डोक्यात त्या वेळी उंदरांशिवाय दुसरं काही नव्हतं. बाहेरून फक्त बोक्याची शेपटी दिसत होती आणि चादरीमागून कचकच आवाज येत होता.

“ऐकलंत?” सून कुजबुजली. “खातोय.”

“खाऊ दे,” सिस्टर म्हणाल्या. “लांब उभी राहा. मांजर जेवताना बघू नये.”

संध्याकाळी बोक्याला उलटी झाली. गवत खाल्लं की मांजरांना होतेच. सून धावत यायच्या आत सिस्टरांनी फडक्याने जमीन पुसून टाकली, कारण उलटी हिरवीगार होती. सुनेला इतकंच कळलं, की गिरणीतला नावाजलेला बोका या घरातले उंदीर खाऊन आजारी पडला. उलटी करून तो पुन्हा चादरीखाली गेला.

“एवढे आहेत,” ती म्हणाली. ती रात्रभर झोपली नाही. उजाडायच्या आधीच उठून पूर्वेच्या खोलीत जाऊन बसली, आवाज कुठून येतो ते नेमकं कळावं म्हणून. काका नेहमीप्रमाणे पेटी घेऊन आले, दारातून सुनेची पाठ दिसली आणि तसेच मागे फिरले. सलग दुसऱ्या दिवशी भिंत बिनकापलेली राहिली.

बुधवारी नऊ वाजता सुनेने सगळ्यांना गोळा केलं. तिच्या हातात कागद होता आणि आवाज अगदी सपाट होता. “मी जे सांगितलं होतं ते चुकलं,” ती म्हणाली. “पूर्वेच्या भिंतीत उंदीर आहेत. उद्या तपासनीस येतायत. त्यांनी शोधून काढण्यापेक्षा आपण आज भिंत फोडू, आतलं सगळं काढू, आणि परवान्यासाठी पुन्हा अर्ज करू. सहा महिने जातील. तोपर्यंत ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं. मी कुणाला थांबा म्हणणार नाही.”

एक्याऐंशी वर्षांच्या आजींनी पत्र्याच्या शेडकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. काकांचा मुलगा बस चालवायचा आणि एकूण कमी बोलायचा. तो हातोडा घेऊन पुढे झाला. बोक्याला उचलून त्याने बाजूला ठेवलं, बाही सरसावली आणि हातोडा खांद्यावर घेतला.

“थांब,” काका म्हणाले.

मुलगा थांबला. काका भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. लहानपणी वर्गात उभं केल्यावर राहायचे तसे.

“आत उंदीर नाहीत,” ते म्हणाले आणि त्यांनी चादर ओढली.

दोन दिवसांचं वाढलेलं पीक होतं. चार बोटं उंच, दाट, पोपटी. पूर्वेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात ते लवलवत होतं. मधोमध बोक्याने खाऊन केलेलं एक गोल टक्कल होतं.

काकांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, थुंकी लावून चिकटवलेला गिलावासुद्धा. “कागदावर लिहिलं होतं तू. दाणे नसावेत. मी वाचलं होतं. मला वाटलं, मला जास्त कळतं,” ते म्हणाले आणि खाली बघत उभे राहिले.

सून पुढे आली. तिने गव्हावरून हात फिरवला.

“म्हणजे उंदीर नाहीत?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“एकही नाही. ते कातरण माझं.”

ती सिस्टरांच्या ट्रंकेवर मटकन बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसताना एकदम थांबली. “पण बाबा, हे आतापर्यंत वाळायला हवं होतं. गिलाव्यात कधीकधी दाणे रुजतात. ओल संपली की आठ दिवसांत आपोआप मरतात, कुणी काही करावंच लागत नाही. पाणी कुठून मिळालं याला?”

“पाणी?”

“कापताना काही लावत होतात का?”

“लावत काही नाही. फवारा तेवढा. कापायच्या आधी केस ओले करावेच लागतात.”

“रोज?”

“रोज.”

“बाबा, तुम्ही रोज सकाळी त्याला पाणी घालत होता.”

खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. काका हातातल्या चादरीची घडी घालू लागले. सून मात्र कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत होती. “तरी पण,” ती स्वतःशीच म्हणाली, “एका बाटलीच्या फवाऱ्याने एवढं? हे जमत नाही.” ती आणखी काही म्हणणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

“आत येऊ का? उद्या माझी रजा आहे, म्हणून आजच आलो.”

तपासनीस सडपातळ होते, बगलेत फाइल, खांद्याला पट्ट्याने लटकवलेलं एक यंत्र. त्यांनी खोलीतली अकरा माणसं बघितली, हातोडा बघितला, बोका बघितला आणि शेवटी भिंत बघितली. भिंतीकडे ते बराच वेळ बघत राहिले.

यंत्राच्या दोन सुया त्यांनी गव्हाच्या मधून भिंतीत खुपसल्या. “ओल एकोणीस टक्के,” ते म्हणाले. “वीसपर्यंत चालतं. पण काठावर आहे.” मग त्यांनी फाइल उघडली आणि छापील कागदावर बोट ठेवून वाचलं, “इमारतीच्या भिंतीतून झाड अथवा झुडूप उगवले आहे काय?” त्यांनी मान वर केली. “हे झाड आहे का?”

“झाड नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“झुडूप?”

“गहू आहे. गहू झुडूप कसा असेल?”

तपासनीसांना हे पटलं. त्यांनी दोन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. पण पेन उचललं नाही. “मग हे लिहू कुठे? पीक म्हणून रकानाच नाही. पीक म्हटलं की शेतीखातं. शेतीखात्याकडे कागद गेला की मग…” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते कागद कधी परत आलेले कुणी बघितले नव्हते हे दिसत होतं. त्यांनी पानं उलटली. “अंतर्गत सजावट असा एक रकाना आहे. सजावट म्हणू का?”

सून खरं बोलणारी होती. “साहेब, तसं नाही. ही चूक झालीय. आम्ही हे आठ दिवसांत काढून…”

“म्हणजे तात्पुरती सजावट?” तपासनीसांनी पेन टोपणात घातलं. “तात्पुरत्याला वेगळा अर्ज लागतो. तीन महिने लागतील.”

सुनेने सासऱ्याकडे बघितलं. सिस्टरांकडे बघितलं. मग आजींकडे, ज्या परत पत्र्याच्या शेडकडे बघत होत्या.

“कायमची,” ती म्हणाली.

“कायमची हिरवी सजावट,” तपासनीसांनी लिहिलं. पट्टी काढून उंची मोजली, लांबी-रुंदी मोजली, टक्कल मोजलं आणि तेही लिहिलं. जाताना त्यांनी भिंतीच्या कडेवरून बोट फिरवलं. “कडा मात्र झकास धरल्यात. कोणी केलं?” काकांनी मान किंचित झुकवली.

दहा दिवसांनी परवाना आला. तोवर फवारा बंद होता, सिस्टरांच्या खोलीला सुनेने कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली होती, आणि गहू पिवळा पडून गळून गेला होता. यंत्र मागून आणून सुनेने भिंतीची ओल पुन्हा मोजली होती. अकरा. हाडासारखी कोरडी. बोका दुसऱ्याच दिवशी गिरणीत परत गेला होता. अकरा माणसं नव्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाभोवती पहिल्यांदा जेवायला बसली, आणि जेवण झाल्यावर सुनेने परवाना मोठ्याने वाचला.

सगळं ठीक होतं. शेवटची ओळ वाचताना ती अडखळली. “पूर्व खोलीतील हिरवी सजावट, उंची सात सेंटिमीटर, तपासणीच्या वेळी होती त्या स्थितीत कायम राखणे बंधनकारक. दर सहा महिन्यांनी पाहणी.”

मग सगळ्यांच्या माना हळूहळू काकांकडे वळल्या.

“भिंतीत नाही वाढवायचं,” सून ठामपणे म्हणाली. “भिंतीला आता एक थेंब लागता कामा नये. आपण लांबट पत्र्याचे उथळ ट्रे करू, आतून नीट सांधलेले, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून एकावर एक टांगू. लांबून तसंच दिसेल.” तिने सासऱ्याकडे बघितलं. “सात सेंटिमीटर, बाबा. जास्त नाही, कमी नाही. जमेल?”

“रोज लागेल,” काका म्हणाले. ते ताट पुढे ओढून पुन्हा वाढून घेत होते.

“आणि पाणी? पाणी फार बेताने घालावं लागेल. फवारा नको, बाहेर उडतो. कोणीतरी नेमाने घालणारं हवं.”

“पाणी मी घालते,” सिस्टर म्हणाल्या. “मला अंदाज आहे. संध्याकाळी दोन मग पुरतात. तीन घातले की सकाळी फार माजतं, यांना कापायला त्रास होतो.”

सगळ्यांच्या माना आता सिस्टरांकडे वळल्या.

“कुठला अंदाज?” सुनेने विचारलं.

सिस्टरांनी पेल्यातलं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि जणू ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला रिपोर्ट द्यावा तशा आवाजात म्हणाल्या, “शनिवारी यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर भिंत कापली. त्या दिवशी दुपारी हे पूर्ण जेवले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी बघत होते. मग मी संध्याकाळी दोन मग पाणी घातलं. रविवारी परत कापली, परत पूर्ण जेवले. औषध लागू पडतंय म्हटल्यावर मी कशाला बंद करू?”

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. “मी रोज देवाचं नाव घेऊन कापत होतो,” ते म्हणाले. “आणि तुम्ही रोज पाणी घालत होता.”

“हो.”

“मला सांगितलं नाहीत.”

“पेशंटला सगळं सांगायचं नसतं.”

“तुमच्यामुळे पोरगा भिंत फोडणार होता.”

“फोडली का?”

सून एकदा सिस्टरांकडे आणि एकदा सासऱ्यांच्या ताटाकडे बघत होती. मुलाने आमटीचं भांडं वडिलांकडे सरकवलं.

काकांना रागवायचं होतं आणि त्यासाठी कारणही चांगलं भक्कम होतं. त्यांनी घास खाल्ला, त्यावर पाणी प्यायले आणि चष्मा पुसला. मग सिस्टरांकडे न बघता म्हणाले,

“उजव्या बाजूला तुम्ही पाणी जास्त टाकत होतात. तिकडची वाढ कधी एकसारखी यायची नाही. ट्रे आले की नीट सगळीकडे सारखं घाला.”